लेखक गुप्तहेर झाला, तर बिघडले काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या काळातील नामवंत साहित्यिकांना गुप्तहेर बनवणाऱ्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात दोन आक्षेप होते. लेखणी चालवणाऱ्या माणसाने गुन्ह्याचा छडा लावणे पटत नाही, हा पहिला; आणि अशा पुस्तकांमुळे खऱ्या चरित्रात भेसळ होते, हा दुसरा.

पहिल्याला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली येथील धर्मगुरू शापुरजी एडलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला रात्रीच्या वेळी जनावरांना भोसकल्याच्या आरोपावरून १९०३ साली सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक पुसला गेला नाही. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल त्याला भेटायला लंडनच्या एका हॉटेलात गेले, तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांना भिडवून, जरासे तिरके धरून वाचत होता. नेत्रवैद्यकाचा अभ्यास केलेल्या डॉयल यांना तेवढे पुरले. इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोखात रेल्वेचे रूळ ओलांडून, शेतांतून वाट काढत जाऊन तट्टाचे पोट फाडेल, हे त्यांना अशक्य वाटले. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये पुराव्याच्या चिंधड्या उडवल्या आणि मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. (नुकसानभरपाई मात्र सरकारने एका पैचीही दिली नाही.)

दुसऱ्या आक्षेपाबाबत इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन हिला गुप्तहेर बनवणारी स्टेफनी बॅरन यांची मालिका पाहावी. १९९६ ते २०२३ या काळात या मालिकेचे पंधरा भाग निघाले. जेनची अप्रकाशित टिपणे अमेरिकेतील एका घरात सापडली आणि आपण केवळ त्यांच्या संपादक आहोत, असा बहाणा बॅरन करतात आणि त्याला शोभतील अशा तळटीपाही देतात. जेनची बहीण कॅसँड्रा हिने तिची पुष्कळ पत्रे जाळली. उरली ती सुमारे १६०. चरित्रात पडलेल्या या रिकाम्या जागांतच बॅरन खून घडवतात. त्यांची जेन भिंगाने डाग तपासत बसत नाही. कोणाचे उत्पन्न किती, लग्नात लाभ कोणाचा, कोणत्या वाक्याला कोण गप्प झाले, याचा हिशेब ती दिवाणखान्यात बसूनच मांडते आणि ही नजर तिच्या कादंबऱ्यांतून घेतलेली असल्याने ती उपरी वाटत नाही. याउलट नाटककार ऑस्कर वाइल्डला नायक करणाऱ्या मालिकेत त्याचीच चमकदार वाक्ये इतक्या वेळा कानी पडतात की, मला तरी तपास मागे राहिल्यासारखे वाटले.

जेन ऑस्टिनने खुनी पकडला, हे इतिहास म्हणून कोणी उद्धृत करणार नाही. आपल्याकडच्या चरित्रात्मक कादंबऱ्यांतील कल्पित संवाद मात्र व्याख्यानांत आणि शाळेच्या भाषणांत ऐतिहासिक उद्गार म्हणून खुशाल वापरले जातात. भेसळीची काळजी करायचीच, तर तिथून सुरुवात करावी. आपल्या पुरवणीत दोन्ही प्रकारच्या पुस्तकांची परीक्षणे येतात. त्यांत नोंदींचा आधार कुठवर आणि कल्पना कुठून सुरू होते, हे लेखकाने पुस्तकात सांगितले आहे की नाही, याचा उल्लेख आवर्जून व्हावा, एवढी विनंती.

कळावे,
आपला एक वाचक, सातारा