जॉन डॉब्सन यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉब्सन,

सादर नमस्कार.

तुम्ही २०१४ मध्ये गेलात. तरीही "पहिली दुर्बीण कोणती घेऊ?" असं कुणी विचारलं की आमचं उत्तर लाकडी पेटीवर बसवलेल्या तुमच्या त्या दुर्बिणीपाशीच, म्हणजे डॉब्सोनियनपाशीच, येऊन थांबतं. त्याचे हे आभार.

नवख्याची नजर आधी दुर्बिणीच्या खोक्यावरच्या '५२५ पट मोठं' या आकड्यावर जाते. ६० मिमीच्या भिंगाला फार तर १२० पट झेपतात, त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि काळवंडतं. त्यात खाली काटकुळा ट्रायपॉड. फोकसच्या चाकाला बोट लागताच शनी असा थरथरतो की कडी आहे की डाग, हेच कळत नाही. दुर्बीण माळ्यावर जाते ती बहुधा यामुळेच.

तुम्ही ट्रायपॉडच काढून टाकलात. प्लायवूडची पेटी, टेफ्लॉनच्या चकत्या, वर-खाली आणि डावी-उजवीकडे एवढ्या दोनच हालचाली. बोटाने ढकलावं तेवढीच नळी सरकते, सोडली की तिथेच थांबते. स्टँडचा खर्च वाचला की तो आरशात घालता येतो. १५० मिमीचा आरसा ७० मिमी भिंगाच्या साडेचार पट प्रकाश गोळा करतो. आरशाच्या १२०० मिमी नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की ४८ पट, १० मिमीचा लावला की १२०. सुरुवातीला एवढे दोन पुरेत.

एक सावधगिरी मात्र आम्ही आवर्जून सांगतो. परावर्तक, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीची नळी जेमतेम अर्धा मीटर आणि लेबलवर १००० मिमी नाभीय अंतर लिहिलेलं असेल, तर फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळीत) जादा भिंग बसवलेलं असतं. तिचे आरसे जुळवताना जाणकारही वैतागतात. ती घेऊ नये. ज्यांना जिने चढून गच्चीवर न्यायची आहे त्यांनी ७० मिमीची भिंगाची दुर्बीण घेतली तरी चालेल, पण स्टँड दणकट हवा.

डॉब्सोनियन बाहेर नेल्यावर आरसा थंड व्हायला अर्धा तास द्यावा लागतो, नाहीतर नळीतल्या गरम हवेने चित्र उकळत राहतं. साध्या डॉब्सोनियनला मोटार नसते, म्हणून लांब एक्सपोजरचे फोटो तिच्यावर निघत नाहीत.

१९६८ पासून तुम्ही आणि तुमचे सोबती सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवू लागलात. तीच रीत आम्ही पाळतो. १२० पटींना शनी दीडेक मिनिटात नजरेबाहेर सरकतो. नळी हलकेच ढकलायची आणि रांगेतल्या पुढच्याला डोळा लावू द्यायचा.

आपले ऋणी,
काही आकाशनिरीक्षक