कोळशाची टाकी निम्मी घेऊ नकोस

लातूर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

डायलिसिस युनिटच्या आरओ प्लांटचं कोटेशन वाचलं. पंप, मेंब्रेन ठीक आहेत. कोळशाची टाकी मात्र निम्मीच धरलीय.

पेशंटच्या रक्ताशेजारून मिनिटाला ५०० मिली, म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी वाहतं. मधे फक्त पातळ पडदा. पाण्यातलं क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) त्यातून रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटतात. आरओ ते नीट अडवत नाही, कोळसा अडवतो. पण त्यासाठी पाणी कोळशात दहा मिनिटं राहायला हवं.

तुझा प्लांट तासाला ५०० लिटर शुद्ध पाणी देणार आणि तेवढंच रिजेक्ट, म्हणजे टाकाऊ पाणी, सोडणार. म्हणजे कोळशातून तासाला १००० लिटर, मिनिटाला साधारण १६.७ लिटर जाणार. दहा मिनिटांचा कोळसा झाला १६७ लिटर. वेंडरनं नुसत्या शुद्ध पाण्यावर हिशोब मांडून ८४ लिहिलेत. प्रत्येकी ८४ लिटर कोळशाच्या दोन टाक्या एकामागे एक घे, मधे नमुन्याचा नळ ठेव. माप कोळशाचं धर, टाकीचं नव्हे. बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून कोळसा धुवायला, वर मोकळी जागा लागतेच.

दर शिफ्टच्या आधी प्लांट पंधरा मिनिटं चालवून मधल्या नळाचं पाणी तपासायचं. एकूण क्लोरीन, म्हणजे मुक्त आणि क्लोरामाइनमधलं मिळून, लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं. नुसतं मुक्त क्लोरीन दाखवणारी किट घेऊ नकोस, तिला क्लोरामाइन दिसत नाही. जास्त आलं तर दुसऱ्या टाकीनंतरचं पाणी बघ. तिथंही जास्त असेल तर डायलिसिस थांबव, डॉक्टर कितीही घाई करोत. उन्हाळ्यात टँकर आला की चाचणी पुन्हा. टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कोण मोजून टाकतं?

बोअरचं पाणी जड, तेव्हा त्यातलं कॅल्शियम काढणारा सॉफ्टनर लागणारच. त्याची चाचणी संध्याकाळी कर. त्यातलं कॅल्शियम धरणारं रेझिन दिवसभरात थकतं, सकाळी सगळं छानच दिसतं. कॅल्शियम पुढं गेलं की पेशंटला मळमळ, उलट्या होतात, बीपी चढतं.

कोळशानंतर पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून जंतूंना रान मोकळं. पाइपाचं एकही तोंड बंद करून सोडू नकोस, पाणी फिरतं राहू दे. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम कुठंच नको.

रिजेक्टला वेगळी टाकी बांध, संडास-फरशीला ते चालतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात बसून लिहितोय, गटारात सोडलंस तर बोलणार नाही तुझ्याशी.

तुझा,
सुधीर