कानटोपीचा कोळसा

ती. बोलोन्याच्या आजींना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुम्हीही आमच्याशी अठरा दिवस फक्त इटालियनच बोललात. समोरच्या बाईला एक अक्षर कळत नाही याची तुम्हाला कधी अडचण वाटली नाही. कळलं नाही असं दिसलं की तेच वाक्य तुम्ही आणखी मोठ्याने म्हणायचात. आता तुमची पाळी. नातवाकडून फोनवर भाषांतर करून घ्या.

पहिले आभार त्या ओरड्याचे. 4 जानेवारीची सकाळ, बाहेर तीन अंश. मी मुलीला घेऊन जिना उतरत होते. तिचे केस नुकतेच धुतलेले होते आणि टोपी माझ्या खिशात, कारण ती डोक्यावर दोन मिनिटं टिकत नव्हती. तुम्ही दार उघडलंत, तिच्या केसांना हात लावलात आणि जे सुरू झालात! बोट आधी तिच्या कानाकडे, मग गळ्याकडे, मग छातीकडे, शेवटी माझ्याकडे. भाषांतराची गरजच नव्हती. ओल्या केसांनी कुठे निघालीस, कानात वारं शिरेल, पोरीचे हाल करशील, हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. पुण्याहून निघताना सासूबाईंनी तीन कानटोप्या बॅगेत कोंबल्या होत्या आणि विमान उडाल्यावर मला वाटलं होतं, चला, सुटले. तुमच्याकडे याला ‘कोल्पो दारिया’ म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा फटका, हे नंतर कळलं. डॉक्टर त्यावर हसतात म्हणे. आमच्याकडचेही हसतात.

आम्ही तिथे का आलो हे तुम्हाला बहुधा शेवटपर्यंत नीट समजलं नाही. बोलोन्याच्या आसपास पॅकिंगची मशीनं बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. नवऱ्याच्या कंपनीने चाकणसाठी तिथलं एक मशीन घेतलं, त्याच्या ट्रायलसाठी त्याला पाठवलं, आणि आम्ही दोघी मागे लागून आलो. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. जानेवारीत, चार वर्षांच्या मुलीला घेऊन? मे महिन्यात जा की! पावणेपाचला सूर्य मावळतो, धुकं असतं, दिवसभर करणार काय? 7 तारखेपासून नवरा सकाळी सातला जायचा आणि रात्री आठला यायचा. खरंच, करणार काय?

त्याचं उत्तर तुम्ही विजेच्या बिलाच्या मागे काढून दिलंत. तो नकाशा मी जपून ठेवला आहे. आमच्या दारापासून मोठ्या चौकापर्यंत न भिजता कसं जायचं त्याची एक वाकडीतिकडी रेघ, आणि जिथे उघड्यावरून रस्ता ओलांडावा लागतो तिथे पावसाचे थेंब. बोलोन्यात 62 किलोमीटर पोर्तिको आहेत, इमारतींच्या खालून जाणाऱ्या कमानींच्या पडव्या, त्यातल्या 38 जुन्या शहरात. 2021 मध्ये त्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. हे वाचलं होतं. पण पाऊस पडत असताना हातात छत्री नाही, मुलीची ढकलगाडी कोरडी आणि ती आत बसून बिस्किट खाते आहे, तेव्हा पोर्तिको काय चीज आहे ते कळलं. 1288 मध्ये शहराने कायदाच केला, की नवं घर बांधायचं तर पोर्तिकोसह, आणि उंची इतकी की घोडेस्वार खालून जाऊ शकेल. जागा घरमालकाची, डागडुजी त्याने करायची, चालायचं मात्र कोणीही. आमच्या पेठांमधल्या वाड्यांनाही ओटे होते. बरेचसे रस्तारुंदीत गेले.

नकाशावर एका ठिकाणी तुम्ही तीन बाण काढले होते. मला वाटलं, दिशा दाखवताय. मुलीला बरोबर कळलं. स्त्रादा माज्जोरेवरच्या त्या उंच लाकडी पोर्तिकोखाली मान मोडेपर्यंत वर बघून तिने छतात रुतलेले बाण शोधले. निदान एक सापडला, बाकीचे दोन तिने ठरवून टाकले. त्यांची गोष्ट मी नंतर शोधली. नवऱ्याने बेवफा बायकोला मारायला धनुर्धारी पाठवले, ती खिडकीत विवस्त्र उभी राहिली आणि सगळ्यांचा नेम चुकला. मुलीला सांगितलं, कबुतरं मारायला आले होते.

आता कोळसा. 6 जानेवारीच्या सकाळी आमच्या दाराच्या मुठीला लाल मोजा लटकत होता. आत संत्रं, चॉकलेटं आणि काळेकुट्ट दोन खडे. झाडूवर बसून येणारी म्हातारी बेफाना शहाण्या मुलांना खाऊ देते आणि हट्टी मुलांना कोळसा, हे मी मुलीला आदल्याच रात्री सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला. “मी काय केलं?” तेवढ्यात तुम्ही जिन्यात आलात आणि स्वतःच्या डोक्यावर दोनदा टपली मारलीत. टोपी! कोळसा साखरेचा निघाला, ती चाटून तोंड काळं करून बसली, पण बेफाना खालच्याच मजल्यावर राहते याबद्दल तिची खात्री पटली. ती अजून तशीच आहे.

मग 9 तारखेची रात्र. तिचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. भारतातून आणलेल्या तापाच्या औषधाची बाटली बॅगेतच सांडली होती. मी तुमचं दार वाजवलं आणि घाबरून इंग्रजीत ‘हंड्रेड अँड थ्री’ म्हणाले, बोटांनीही दाखवलं. एकशे तीन ऐकून तुम्ही क्रॉसच केलात. तुमच्याकडे ताप सेल्सिअसमध्ये मोजतात, एकोणचाळीस म्हणजेच पुष्कळ! तुमचा थर्मामीटर लावल्यावर दोघींचा हिशोब जुळला. रात्री कोणतं औषधाचं दुकान उघडं आहे ते तुम्ही फोन करून काढलंत, मुलीचं वजन विचारलंत, चिठ्ठी लिहिलीत आणि नवऱ्याला पिटाळलंत. हिरव्या क्रॉसच्या त्या दुकानात रात्री खिडकीतूनच औषध देतात. टाकिपिरीना म्हणजे आपलं साधं पॅरासिटामॉलच, पण नाव माहीत नसलं की साधंही सापडत नाही. तो येईपर्यंत तुम्ही तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून बसलात. त्या रात्री तुम्ही मला एकदाही ओरडला नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पास्तीना आणलीत, सुपातले चांदण्यांच्या आकाराचे इवलेसे पास्ते. आमच्याकडे मऊ भात, तुमच्याकडे हे. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर गाजर, सेलरी, कांदा आणि पार्मेजानोची साल उकळून तुम्ही वेगळं पाणी केलंत. त्या चीजसाठी दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, हे मला पुण्याला आल्यावर एका हुशार मैत्रिणीने सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

ताप उतरल्यावर तुम्ही आम्हाला पालाझ्झो देल पोदेस्ताच्या कमानीखाली नेलंत. तिथे एका कोपऱ्यात भिंतीशी पुटपुटलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू येतं, मधल्या माणसांना नाही. मुलगी भिंतीला कान लावून उभी. टोपी? माझ्या खिशात. तुम्ही पलीकडे भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोललात, आणि ती धावत येऊन म्हणाली, “आई, भिंत म्हणते टोपी घाल.” घातली! ‘काप्पेल्लो’ हा तिचा पहिला इटालियन शब्द.

सान पेत्रोनियो या मोठ्या चर्चचं सांगायचं राहिलं. एका ऊन पडलेल्या दुपारी आम्ही ते देऊळ पाहिलं. 1655 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कास्सीनीने त्याच्या फरशीत 67 मीटर लांबीची रेघ आखली. छतातल्या भोकातून येणारा सूर्याचा कवडसा माध्यान्हीला त्या रेघेवर येतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून कवडसा पार दाराजवळ पोचतो आणि अंड्यासारखा लांबुळका, मोठा होतो. मे महिन्यात आलो असतो तर छोटा दिसला असता, हे मी सगळ्यांना सांगते.

आणि 14 जानेवारी. सासूबाईंनी टोप्यांबरोबर तिळाचे लाडूही दिले होते. मी तुमच्या हातावर लाडू ठेवला आणि फोनमधून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ चं इटालियन दाखवलं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि इतक्या हसलात की जिन्यात घुमलं. मग लाडू चावलात. पाक जरा पुढे गेला होता, सासूबाईही कबूल करतात. तुम्ही गालाला हात लावून मला जे काही सुनावलंत, त्यातला ‘देन्ती’, म्हणजे दात, एवढा एकच शब्द मला कळला.

यंदा वडी करून पाठवते आहे. मऊ असेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची