दोस्त राष्ट्रांतील वैराची सुरुवात पोलंडपासून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शीतयुद्धावरील लेखमाला सुरू झाली असून तिचा पहिला भाग मी लक्षपूर्वक वाचला. असा विषय निवडल्याबद्दल आधी आपले आभार मानतो. मात्र त्या लेखातील मूळ प्रतिपादन मला मान्य नाही, आणि तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत इतिहास शिकवला असल्याने त्यावर गप्प बसणेही जमत नाही. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोन विचारसरणींचे एकत्र नांदणे शक्यच नव्हते, म्हणून महायुद्ध संपताच दोस्त राष्ट्रे एकमेकांची वैरी झाली आणि ५ मार्च १९४६ रोजी ब्रिटनचे युद्धकाळातील पंतप्रधान चर्चिल यांनी अमेरिकेतील फुल्टन येथे केलेल्या ‘पोलादी पडद्या’च्या भाषणाने या वैराला तोंड फुटले, असे लेखकाचे म्हणणे आहे.

विचारसरणीतील फरक काही १९४६ साली निर्माण झाला नव्हता. रशियातील क्रांतीनंतर ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनीही तेथे सैन्य उतरवले होते, आणि अमेरिकेने तर १९३३ पर्यंत सोव्हिएत सरकारला मान्यताच दिली नव्हती. तरीही २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर साम्यवादाचे कडवे विरोधक असलेल्या चर्चिल यांनी त्याच दिवशी रशियाला मदत जाहीर केली. पुढे अमेरिकेने चार लाखांहून अधिक ट्रक आणि जिपा रशियाला दिल्या, आणि इराणमार्गे जाणाऱ्या मालाच्या वाहतुकीत हिंदी सैन्यातील वाहनचालकांनीही काम केले. जी विचारसरणी चार वर्षे आड आली नाही, ती पाचव्या वर्षी एकाएकी आड कशी आली, याचे उत्तर लेखात मिळत नाही. ते पोलंडमध्ये सापडते, आणि आम्हा कोल्हापूरकरांना तर ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात मुख्यत्वे बायका आणि मुले होती. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च असे एक लहानसे पोलिश गावच तेथे वसले होते. माझी आई त्या वेळी कोल्हापुरात शाळेत जात होती. फुलाफुलांचे फ्रॉक घातलेल्या पोलिश बायका टांग्यातून उतरून बाजारात बोटांच्या खुणांनी भाजीचा भाव ठरवताना तिने पाहिल्या होत्या. ही माणसे हिटलरने देशोधडीला लावली, अशीच तिची आणि तिच्या मैत्रिणींची समजूत होती. मी स्वतः इतिहास शिकू लागेपर्यंत माझीही तीच समजूत होती.

खरे तर यातील बहुतेकांना घराबाहेर काढले होते ते स्टालिन यांच्या राजवटीने. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी अनाक्रमणाचा करार केला, १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्याने पूर्वेकडून पोलंडमध्ये प्रवेश केला, आणि पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना १९४० पासून आगगाडीत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. त्याच वर्षी पोलिश लष्करी अधिकाऱ्यांसह सुमारे २२,००० कैद्यांना कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालण्यात आल्या. हा गुन्हा आपला असल्याची कबुली मॉस्कोने १९९० साली दिली. १९४१ मध्ये सोव्हिएत संघ दोस्तांच्या बाजूला आल्यावर या लोकांची सुटका झाली, आणि त्यांतील काही इराणमार्गे भारतात आले. म्हणजे एका दोस्त राष्ट्राने हद्दपार केलेली माणसे दुसऱ्या दोस्त राष्ट्राच्या आश्रयाला होती, आणि युद्ध चालू असल्याने त्याची वाच्यता करणे कोणालाच सोयीचे नव्हते. एप्रिल १९४३ मध्ये कातिनची थडगी उघडकीस आली आणि देश गमावल्याने लंडनमधून काम करणाऱ्या पोलिश सरकारने रेडक्रॉसकडून चौकशीची मागणी केली, तेव्हा स्टालिन यांनी त्या सरकारशी संबंध तोडले. ब्रिटन आणि अमेरिका यांनी हे प्रकरण वाढू दिले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर तेहरानमध्ये चर्चिल यांनी टेबलावर तीन आगकाड्या ठेवल्या आणि त्या सरकवून पोलंड हा देश पश्चिमेकडे कसा हलवता येईल, हे स्टालिन यांना दाखवले. पंगतीत एकाने सरकून घेतले की शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांना सरकावे लागते, तसा हा हिशेब होता. पूर्वेचा मुलूख रशियाला द्यायचा आणि त्याची भरपाई जर्मनीच्या मुलखातून करायची, असे ठरत गेले. वळिवड्याच्या छावणीत ज्यांची नावे होती त्यांची घरेदारे नेमकी त्या पूर्वेच्या मुलखात होती, आणि या बोलण्याच्या वेळी पोलंडचा एकही प्रतिनिधी हजर नव्हता.

ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सातील लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला तेव्हा सोव्हिएत सैन्य त्या शहरातून वाहणाऱ्या विस्तुला नदीजवळ पोहोचले होते. ते थकले होते, त्याची रसद ताणली गेली होती, हे लष्करी कारण मी नाकारत नाही. परंतु उठावकऱ्यांना मदत टाकणाऱ्या ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांना आपल्या तळांवर उतरू देण्यास स्टालिन यांनी सप्टेंबरपर्यंत नकार दिला, त्याला कोणते लष्करी कारण होते? दोस्तांमधील विश्वासाला पहिला मोठा तडा गेला तो येथे, असे माझे मत आहे.

तथापि दोष एकट्या मॉस्कोच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये चर्चिल मॉस्कोला गेले असता त्यांनी अर्ध्या कागदावर बाल्कन देशांतील प्रभावाचे टक्के मांडले: रुमानियात रशियाचे ९०, ग्रीसमध्ये ब्रिटनचे ९०, युगोस्लाव्हिया आणि हंगेरीत निम्मे-निम्मे. स्टालिन यांनी त्यावर निळ्या पेन्सिलने खूण केली. हा कागद जाळून टाकू या, असे आपण सुचवले आणि स्टालिन यांनी तो जपून ठेवायला सांगितले, असे चर्चिल यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. डिसेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने अथेन्समध्ये डाव्या गटांशी लढाई केली तेव्हा स्टालिन यांनी मौन पाळले. मग पोलंडच्या बाबतीत आपल्यालाच का अडवले जाते, असे त्यांना वाटले असल्यास त्यात नवल नाही. दोन महायुद्धांत जर्मन सैन्य पोलंडच्याच वाटेने रशियावर चालून गेले होते, दुसऱ्या महायुद्धात सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत माणसे मेली होती, आणि १९४२ पासून जिची वाट पाहिली ती फ्रान्समधील दुसरी आघाडी जून १९४४ पर्यंत उघडली गेली नव्हती. ही भीती खरी होती, परंतु त्या भीतीपोटी पोलिश जनतेचा गळा आवळण्याचा अधिकार त्यांना मिळत नव्हता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे स्टालिन यांनी पोलंडमध्ये मुक्त निवडणुकांचे वचन दिले आणि पुढच्याच महिन्यात पोलिश भूमिगत चळवळीच्या १६ नेत्यांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून अटक करण्यात आली. २३ एप्रिलला अमेरिकेचे नवे अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलंडवरूनच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांना खडे बोल सुनावले. त्यानंतर दोनच दिवसांनी एल्बे नदीकाठी टोरगाव येथे अमेरिकन आणि सोव्हिएत जवानांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेची परिषद सुरू झाली, पण कोणते सरकार खरे यावर एकमत नसल्याने ज्याच्यासाठी ब्रिटन युद्धात उतरले त्या पोलंडलाच तेथे जागा नव्हती. जूनमध्ये पारतंत्र्यातील हिंदुस्थानची सही सनदेवर झाली, पोलंडच्या सहीची जागा मात्र कोरी ठेवावी लागली. ५ जुलैला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वळिवड्यातील माणसे ज्या सरकारला आपले मानत होती ते जगाच्या लेखी उरलेच नाही.

यानंतरचे ट्रूमन धोरण, मार्शल योजना, बर्लिनची नाकेबंदी आणि नाटो हे टप्पे आपल्या लेखात व्यवस्थित आले आहेत. माझे म्हणणे एवढेच, की विचारसरणीची भाषा या भांडणाला नंतर चढली, आणि ती चढल्यावर दोन्ही बाजूंना माघार घेणे अवघड झाले. जानेवारी १९४७ मधील पोलंडच्या निवडणुकीत गैरप्रकार झाले, हा तोपर्यंत वचनभंगाचा प्रश्न न राहता दोन जगांचा झगडा बनला होता.

वळिवड्यातील बहुतेक पोलिश कुटुंबे मायदेशी परतलीच नाहीत. त्यांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. ही कुटुंबे ब्रिटन आणि इतर देशांत पांगली, आणि त्या जागेत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली. आजचे गांधीनगर ते हेच. लेखमालेच्या पुढील भागांत फुल्टनच्या आधीच्या या वर्षांना जागा द्यावी आणि वळिवड्याचाही उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, कोल्हापूर