एकसुरी कामाबद्दल थोडंसं

ग्वाल्हेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, दिवसभर स्क्रीनवर बिलं तपासतो, सगळी सारखीच. संध्याकाळी डोकं सुन्न होतं. मी आळशी झालोय का?" तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे. तू आळशी नाहीस.

मी लॅबमध्ये नोकरी केली एवढंच तुला ठाऊक. काम काय होतं ते कधी सांगितलं नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, लेशमन स्टेन म्हणजे पेशी रंगवणारा रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. प्रत्येक जातीच्या पेशीला मोजणीच्या यंत्रावर वेगळं बटण. शंभर भरल्या की घंटी वाजायची आणि पुढची स्लाइड यायची. पावसाळ्यात, तापाच्या दिवसांत, दिवसाला पन्नास-पन्नास स्लाइडी.

एका श्रावणात माझ्या हातून चूक झाली. पेशी बरोबर मोजल्या, घंटी वाजली, रिपोर्ट लिहिला. संध्याकाळी डॉक्टरांनी तीच स्लाइड लावून मला बोलावलं. तांबड्या पेशीत मलेरियाच्या जंतूची निळसर अंगठी होती, तिच्यावर लाल खडा बसवावा तसा ठिपका. एकच नव्हे, बऱ्याच होत्या. माझ्या डोळ्यांखालून त्या गेल्या होत्या आणि मला दिसल्या नव्हत्या. रोग्याला त्याच रात्री औषध मिळालं. मला मात्र झोप लागली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवाले तासन् तास पडद्याकडे बघत आणि शत्रूच्या पाणबुडीची खूण त्यांच्या नजरेतून निसटे. मॅकवर्थने एक घड्याळ केलं. त्याचा काटा एकसारखा टिचक्या देत पुढे सरके, क्वचित एखादी उडी दुप्पट घेई. ती उडी ओळखायची, बस. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं चुकायला लागली. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली तेव्हा नजर टिकली. १९४८ साली त्याने हे छापलं. म्हणजे बघ, त्यात चारित्र्याचा काही प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दर दहा स्लाइडींनंतर मी उठायला लागले. मैत्रिणीबरोबर काम बदलून घ्यायचे, कधी तिने नमुन्यांची नोंद करायची, कधी मी. घंटी वाजली तरी काही न मोजता थोडा वेळ नुसत्या तांबड्या पेशी बघायचे.

आपल्या गल्लीत पहाटे खर्जाचा रियाज चालायचा, आठवतो? तंबोऱ्याच्या त्याच चार तारा तासभर, पण आपण कुणी त्याला कंटाळलो नाही. तारेखालचा, आवाज खुलवणारा जवारीचा दोरा केसभर सरकला की तोच तंबोरा मुका वाटतो. कामाचंही मला तसंच वाटतं. काम तेच असतं, दोरा तेवढा जागेवर असावा लागतो.

पण खरं जे सांगायचं आहे ते लॅबचं नाही. ते सुन्नपण मी पिशवीत घालून घरी आणत होते. तू पहिलीत असताना तुझा पुढचा दात पडला. संध्याकाळभर मुठीत धरून माझी वाट पाहिलीस. मी आले, कणीक मळायला घेतली, तू काहीतरी सांगितलंस, मी "हं" म्हणाले. रात्री कळलं की तू एकटाच अंगणात जाऊन तो कौलांवर टाकून आलास. मी पाहिलाही नाही तो दात. त्या अंगठ्यांपेक्षा हे मला जास्त लागलं. त्यानंतर घरी आल्यावर आधी दहा मिनिटं ओट्यावर तुझ्याजवळ बसायचे, मग स्वयंपाक. शाळेत काय झालं ते मी रोज का विचारायचे, ते आता कळेल तुला.

तुझ्या साहेबांकडे मधली सुट्टी आणि कामाची अदलाबदल माग. लाजू नकोस. संध्याकाळी सूनबाई काही सांगत असेल तेव्हा स्क्रीन बंद कर.

रविवारी फोन करशील तेव्हा "नेहमीचंच चाललंय" म्हणू नकोस. त्या दिवशी काय दिसलं ते सांग, अगदी लहान असलं तरी. मी कणकेचे हात धुऊन बसते.

तुझी,
आई