दिवाळीला गाडी घेऊन घरी येतेय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या नव्या बाइकचा विषय निघाला की आई, तू "बरं बरं, जपून चालव" एवढंच म्हणतेस आणि फोन बाबांच्या हातात देतेस, आणि बाबा, तुम्ही ॲव्हरेज किती देते ते विचारता आणि मग गप्प. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवते. दसऱ्याला फोटो पाठवले होते पण त्यात झेंडूचा हारच जास्त दिसतोय, गाडी कमी.

आधी बाबांसाठी. गाडी रॉयल एनफील्डची आहे, हंटर 350. आई, शेजारी कुणी विचारलं तर बुलेट म्हणालीस तरी चालेल, इथेही सगळे तेच म्हणतात. मी त्यांच्याच क्लासिकवर पण बसून बघितलं होतं, ती 195 किलोची आणि सीट माझ्यासाठी उंच, टाचा वरच राहत होत्या. हंटर 181 किलोची आहे, सीट 790 मिलिमीटर, दोन्ही पाय टेकतात, त्यामुळे सिग्नलला किंवा चढावर गाडी थांबवायची वेळ आली तरी मनात धाकधूक नसते. इंजिन 349 सीसी, वीस हॉर्सपॉवर, पाच गिअर. नवीन मॉडेलचा क्लच हलका आहे, इथे पुण्यात पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले तरी मनगट दुखत नाही. ॲव्हरेज 35 च्या आसपास मिळेल असं दिसतंय.

आणि तुम्ही विचारलं होतं ना की एबीएस म्हणजे नक्की करतं काय? दोन्ही चाकांजवळ सेन्सर असतात. आपण घाबरून ब्रेक दाबला आणि चाक जाम व्हायला लागलं की ते त्याला कळतं, मग तो ब्रेक क्षणभर सोडतो, परत धरतो, परत सोडतो, हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं, म्हणून चाक घसरत नाही आणि हँडल आपल्या ताब्यात राहतं. ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारायचा नाही हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात, ते मी पाळतेच, पण तरी एखादं कुत्रं मधे आलंच तर हे असलेलं बरं.

पैशाचं म्हणाल तर अर्धे माझे साठवलेले आणि उरलेल्याचा हप्ता आहे, पगारात आरामात बसतो. खरं तर ऑगस्टमध्येच घेणार होते पण जीएसटी कमी होणार अशी बातमी आली म्हणून थांबले, आणि 22 सप्टेंबरला, बरोब्बर घटस्थापनेच्या दिवशी, 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा टॅक्स 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जे वाचले त्यातून मी चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि गुडघ्याचे गार्ड घेतले. आई, हे वाक्य तुझ्यासाठी आहे, परत वाच. ओढणी घेऊन मी या गाडीवर बसतच नाही. इन्शुरन्स पण पूर्ण काढलाय, थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतोच, त्याच्यावर गाडीच्या नुकसानीचा पण घेतलाय. लायसन्सवर माझी फक्त विनागिअरची नोंद होती, तर आरटीओत रीतसर टेस्ट देऊन गिअरची पण करून घेतली आणि मगच बुकिंग केलं. बाबा, कागदपत्रं पूर्ण नसतील तर गाडीला हात लावायचा नाही हा तुमचा नियम आहे, तो मोडणार कशी?

आता मला जे खरं सांगायचंय ते. मला ही गाडी खूप आवडते. ऑफिसला जायला स्कूटर होतीच, ती काही वाईट नव्हती, पण ही मी गरज म्हणून नाही घेतलेली, आनंदासाठी घेतलीये आणि तुम्ही नुसती काळजी करत बसू नये, त्या आनंदात तुम्हीही असावं असं मला वाटतं. कारण रस्त्याची ही ओढ मला आपल्या घरातूनच मिळालीये ना. सुट्टीत तुम्ही चालवायचात त्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मी कुंभार्ली घाट किती वेळा बघितलाय, खिडकीतून नाही, तुमच्या हातांकडे बघत. ते एवढं मोठं स्टीअरिंग, वळणाच्या आधीच गिअर टाकायचा, मग हॉर्न, मग वळायचं, आणि गाडीतल्या उभ्या माणसालाही धक्का बसायचा नाही.

गेल्या रविवारी पहाटे ताम्हिणीला गेले होते. अजून पहिलं सर्व्हिसिंग व्हायचंय, पहिले 500 किलोमीटर इंजिन ताणायचं नाही, ॲक्सिलरेटर पिळायचा नाही आणि फार वेळ एकाच स्पीडला पण ठेवायची नाही असं सांगतात, म्हणजे इंजिनातले भाग एकमेकांशी नीट बसतात. मला उलट ते बरंच वाटलं, घाईच नको. पिरंगुट मागे पडलं, पौड गेलं आणि मग मुळशीच्या धरणाच्या कडेकडेने रस्ता सुरू झाला, पाण्यावर धुकं होतं, दोन्हीकडे भात पिवळं पडलेलं आणि त्या ओल्या भाताचा वास थेट हेल्मेटच्या आत येत होता. आपल्या घरामागच्या खाचरांचा येतो अगदी तोच. बंद गाडीत काच लावून बसलं की हे काहीच कळत नाही, बाइकवर मात्र झाडाखालून गेलं तरी हवा गार झालेली अंगाला कळते, ओढा जवळ आला की आधी गारवा येतो आणि मग पूल दिसतो. इंजिनाचा आवाज पण छान आहे, मोठा नाही, जाडसर, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडी सहज ओढते.

आणि उतारावर मी तुमचंच ऐकलं, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेक नुसता वळणाआधी हलका लावला की पुरे, तापत पण नाही. हे तेव्हा नुसतं ऐकलं होतं, आता हातापायाला कळलं. एका अरुंद वळणावर खालून एसटी येत होती, मी कडेला घेऊन थांबले, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची ना. ड्रायव्हरकाकांनी जाता जाता स्टीअरिंगवरचा एक हात उचलला. बाबा, मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू!

निघण्याआधी मी गाडीभोवती एक चक्कर मारते, तुम्ही डेपोत मारायचात तशीच. टायर, चेन, ऑइलची काच, ब्रेकलाइट, इंडिकेटर. दोन मिनिटं लागतात. सोसायटीतला वॉचमन विचारतो, ताई काही पडलं का.

आई, तुझं मला कळतं गं. बाबांची नाइट असली की तू पहाटेपर्यंत ओटीवर दिवा ठेवायचीस आणि घाटात दरड पडली असं कानावर आलं की तुझा हात कशातच लागायचा नाही. इतकी वर्षं ते केल्यावर आता मुलीसाठी पण तेच परत, असं वाटत असणार. म्हणून मी ठरवलंय, रात्री लांबचा प्रवास करायचा नाही, म्हणजे नाही. आणि थांबेन तिथून मेसेज टाकेन, तेव्हा मोबाईल नव्हते, आता आहेत.

दिवाळीला मी गाडीनेच येतेय. त्याआधी सर्व्हिसिंग करून घेते, ऑइल बदलून होईल. महाडवरून कशेडीने पण येता येईल पण मला कुंभार्लीच उतरायचाय. वसुबारसेला उजाडताना निघेन, उंब्रज, पाटण, कोयनानगर, घाटमाथ्यावर चहा, असं सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर होतात, जेवायला घरी. पाऊस असला तर एक दिवस उशिरा निघेन, हट्ट करणार नाही. बाबा, तुम्ही पोफळीपर्यंत एसटीने या, तिथून पुढे माझ्या मागे बसा आणि काय चुकतंय ते सांगा, तुमच्यासाठीचं हेल्मेट सोबत आणतेय. आई, तुला पाडव्याला परशुरामाला घेऊन जाणार आहे. मागची सीट तशी रुंद आहे, पाय ठेवायला आहे, साडीगार्ड आहे, आणि मी चाळीसच्या वर जाणार नाही.

सामान फार आणता येणार नाही, त्यामुळे यंदा फराळाचे डबे परत न्यायचे म्हणजे जरा आटोपशीर दे, चकल्या मात्र कमी करू नकोस. आणि बाबा, पडवीतली लाकडं एका बाजूला लावून ठेवता येतील का? गाडी दवात बाहेर नको.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, चेनला ऑइल कुठलं टाकायचं ते इथे प्रत्येक जण वेगळं सांगतोय. मॅन्युअलमध्ये आहे तेच वापरते, बरोबर ना?