साडेआठची नोंद आमच्या धक्क्यावरही लागू द्या

प्रति,
मा. मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

6 जून 1882 रोजी मुंबईवर चक्रीवादळ आदळले आणि लाखभर माणसे दगावली, असे आजही जागोजागी छापून येते. असे काही घडलेच नव्हते. संशोधकांनी त्या काळची वर्तमानपत्रे आणि नोंदी धुंडाळल्या तेव्हा लाख मृत्यू सोडाच, अशा वादळाचाच मागमूस लागला नाही. वर्षानुवर्षे फिरत राहिलेली भाकडकथा निकालात निघते ती त्या त्या दिवशी कुणीतरी इमानाने लिहून ठेवलेल्या टिपणांमुळे. माझे मागणे अशाच टिपणांविषयी आहे.

मी कोकण किनाऱ्यावर राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. वेधशाळेत रोज काय चालते ते मुलांना दाखवायला नेतो, तेव्हा त्यांची थोडी निराशाच होते. जाळीच्या फटींची एक पांढरी लाकडी पेटी, आत तापमापके, त्यातल्या एकाच्या टोकाला ओले मलमल गुंडाळलेले. बाहेर पर्जन्यमापक, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट. सकाळी साडेआठ वाजता निरीक्षक येतो, डोळा पाण्याच्या पातळीला आणून काचेच्या नळीतला पाऊस वाचतो, ढग पाहतो, वाऱ्याची दिशा लिहितो, हवेचा दाब लिहितो. झाले. पण हेच काम ठरल्या वेळी डहाणू, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी, वेंगुर्ले इथे होते आणि ते आकडे एका नकाशावर मांडले की वादळ कुठे आहे ते दिसू लागते.

उपग्रह नव्हते तेव्हा खलाशी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहत. आपल्या गोलार्धात कमी दाबाचे केंद्र मग डाव्या हाताला असते. पुढे वारा कसा फिरतो ते पाहायचे. आग्नेयेकडून दक्षिणेकडे आणि तिथून नैऋत्येकडे सरकला, तर आपण वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला आहोत. पूर्वेकडून उत्तरेकडे वळला, तर डाव्या. म्हणजे कुलाब्याला वारा उत्तरेकडे वळतोय, रत्नागिरीला नैऋत्येकडे, आणि मधल्या ठिकाणी दाब झपाट्याने उतरतोय, एवढ्या तीन ओळींवरून आमच्या शाळेतली नववीची मुले वादळाची वाट नकाशावर काढून दाखवतात. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबई वाचली, आणि बातम्याही तेवढ्यावरच आटोपल्या.

मान्सूनचेही तसेच. तो केरळात आला हे जाहीर करायला हवामान खात्याची रीतसर कसोटी आहे: 10 मेनंतर ठरलेल्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, शिवाय पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या थराची पुरेशी जाडी. देशभरचे शेतकरी ज्या बातमीची वाट पाहतात, तिचा एक पाय मिनिकॉय, अलप्पुळा, कोळिकोड अशा केंद्रांवरच्या पर्जन्यमापकांत असतो.

26 मे 2025 रोजी मान्सून मुंबईत पोहोचला. एवढ्या लवकर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. योगायोग असा की त्याच दिवशी पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने) तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ दिल्लीत सुरू झाली. सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ही व्यवस्था आहे आणि तिचा अभिमान वाटतो. हवामानाची निरीक्षणे आणि अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’ योजनेसाठी 2,000 कोटी मंजूर झाले, त्याचेही स्वागत. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? चौकट सहा किलोमीटरची झाली म्हणून दोन निरीक्षण केंद्रांमधले अंतर कमी होत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73. फक्त कुलाब्याचेच माप असते, तर तो दिवस कागदोपत्री पावसाळ्यातला एक साधा दिवस ठरला असता.

स्वयंचलित यंत्र बसले की निरीक्षक कशाला, असा प्रश्न फायलींमधून येत असणार. यंत्रे हवीतच, ती रात्री-बेरात्री आकडे पाठवतात. पण नरसाळ्यात एक पान अडकले की यंत्र मुकाट्याने कमी पाऊस सांगत राहते, आणि मुसळधार सरीत यंत्रातल्या, भरली की उलटणाऱ्या छोट्या बादलीचे माप मागे पडते. हे ओळखायला शेजारी हाताने मोजणारा माणूस लागतो. किनाऱ्यावरच्या जुन्या केंद्रांवर तरी तो राहू द्या, एवढी पहिली विनंती.

दुसरी माझ्या दृष्टीने जास्त निकडीची. आमच्या तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्यांना, अंदाज मिळतो, नोंद मिळत नाही. ‘ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हा संदेश मोबाईलवर येतो, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढतो. असे इशारे पुष्कळ येतात आणि पुष्कळदा धक्क्यावर ऊन पडलेले असते. मग एखाद्या दिवशी ‘फयान’सारखे चक्रीवादळ येते. 11 नोव्हेंबर 2009 ला तेच झाले, आणि समुद्रावर गेलेले कितीतरी लोक परतले नाहीत. शेजारच्या केंद्रावर गेल्या तीन तासांत दाब किती उतरला, वारा कुठून कुठे फिरला, हे धक्क्यावरच्या फळ्यावर मराठीत दिसले, तर अनुभवी तांडेलाला इशाऱ्याचे वजन स्वतः करता येईल. त्याला वारा कळतो. फक्त वीस मैलांपलीकडचा वारा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

समुद्रात सोडलेल्या निरीक्षण बोयांना (वारा-दाब मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांना) होड्या बांधणारे, त्यांचे भाग काढून नेणारे आमचेच भाऊबंद आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्या बोयाने सकाळी काय सांगितले हे त्यांना कधी दाखवलेच नाही, तर तो त्यांच्या लेखी तरंगते भंगारच राहणार.

आणि हा प्रश्न एकट्या किनाऱ्याचा नाही. सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आले, मराठवाडा भिजवत पश्चिमेकडे सरकले, अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर आदळले. चीनच्या समुद्रातल्या टायफूनचे, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचे, अवशेषही कधीकधी इंडोचायना ओलांडून बंगालच्या उपसागरात येतात आणि पुन्हा बळ धरतात. अशा पाहुण्याचा माग काढायला लातूर-परभणीची साडेआठची नोंद हर्णेच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.

मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, 1 ऑगस्टपासून होड्या सुटतात. त्याआधी निदान हर्णे, रत्नागिरी आणि वेंगुर्ले या तीन ठिकाणी तरी जवळच्या केंद्राचा दाब आणि वारा दर तीन तासांनी लिहिणारा फळा सुरू करावा. खडू-डस्टर चालेल, डिजिटल पाटीसाठी निविदेची वाट पाहू नये. लिहायला माणूस मिळाला नाही, तर आमच्या शाळेतली मुले तयार आहेत. आकडे मात्र तुमच्या खात्याने त्यांच्याकडे पाठवायला हवेत.

आपला,
कोकण किनाऱ्यावरचा एक भूगोल शिक्षक